न विकायचा प्लॅन

टेलर मास्तर दुकान बंद करून घरी बसले त्याला आठ दिवस झाले होते, आणि त्या आठ दिवसांत ते बायकोशी एकूण अकरा शब्द बोलले होते. मास्तरीणबाईंनी मोजले होते. त्यातले तीन "चष्मा कुठे आहे" यात गेले, दोन "मीठ कमी" यात. उरलेले सहा बहुतेक टीव्हीला उद्देशून होते, पण बाईंनी मोठ्या मनाने आपल्या हिशेबात धरले.

आता कोणी म्हणेल, माणूस अबोल असेल. अबोल कसला. दुकानात गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती टेप टाकली की मास्तरांच्या तोंडाचा पट्टा जो सुरू व्हायचा, तो पायाची लांबी मोजून होईपर्यंत थांबायचा नाही. लोक एका बटणासाठी यायचे आणि दीड तास बसायचे. चाळीस वर्षं मास्तर तिकडे असे मोकळे होऊन रात्री घरी यायचे, ते रिकामी पिशवी घडी करून ठेवावी तसे गप्प बसायचे. बाईंनी चाळीस वर्षं एकच गोष्ट मनाशी धरली होती. दुकान बंद होईल, मग हा माणूस माझ्याशी बोलेल.

दुकान बंद झालं. माणूस खिडकीत बसून बाहेर बघायला लागला.

नवव्या दिवशी, सुट्टीचा वार होता, लेक आणि जावई जेवायला आले. जावई एका मोठ्या ऑनलाइन दुकानात किंमती ठरवायच्या खात्यात नोकरीला. दिवसभर खुर्चीत बसून हा मिक्सर कितीला आणि तो मिक्सर कितीला, एवढंच ठरवायचा आणि त्याचा पगार मास्तरांच्या तीन वर्षांच्या शिलाईएवढा होता. मास्तरांना हे कोडं कधी सुटलं नव्हतं, पण जावयाला असं तोंडावर विचारता येत नाही.

जेवण झाल्यावर जावई हात पुसत आतल्या खोलीत गेला आणि अडखळला. पलंगाखाली, कपाटावर, दाराच्या मागे, सगळीकडे खाकी कागदाच्या गुंडाळ्या. शर्ट, पँट, कोट, जाकीट, सगळ्यांचे कटिंगचे नमुने. मास्तरांनी दुकानाच्या खिळ्यांवरून काढून आणले होते.

"बाबा, हे विकायचं," जावई म्हणाला.

"रद्दीला? मी मेल्यावर."

"रद्दीला नाही. ऑनलाइन. फोटोसारखं स्कॅन करायचं आणि फाइल विकायची. लोक घरी छापून घेतील आणि कापड बेततील. माल संपत नाही, पाठवायचं काही नाही. तुम्ही काहीच करायचं नाही. नुसतं आरामात बसायचं, आईंशी गप्पा मारायच्या."

मास्तरीणबाई दारात उभ्या होत्या. त्यांना बाकी काही कळलं नाही, पण शेवटचं वाक्य कळलं. "करून टाका," त्या म्हणाल्या.

चार दिवसांत नमुने स्कॅन झाले. मग किंमतीवर गाडी अडली.

"चारशे लावा," मास्तर म्हणाले. "गिऱ्हाईक म्हणेल दोनशे. मी म्हणेन परवडत नाही, तो चार पावलं जाईल, मी हाक मारेन, आणि अडीचशेला सौदा होईल."

"ऑनलाइन घासाघीस नसते, बाबा."

"मग लोक येतात कशाला?"

जावयाने दोनशे एकोणपन्नास लावली. मास्तरांनी विचारलं, एक कुठे गेला. जावई म्हणाला, अडीचशे वाचलं की माणूस दचकतो, दोनशे एकोणपन्नास वाचलं की तो दोनशेच धरतो. मास्तर म्हणाले, "असल्या माणसाला मी माप घेऊ देणार नाही, त्याला अडतीस आणि एकोणचाळीस कंबर एकच वाटायची." पण जावई शिकलेला. राहू दिलं.

पंधरा दिवसांत एकच नमुना विकला गेला. तो लेकीने घेतला होता.

जावयाला ते लागलं. ऑफिसात त्याचा शब्द म्हणजे ब्रह्मवाक्य, आणि इथे सासऱ्याच्या घरात तो तोंडघशी पडला. पुढच्या सुट्टीला तो कागदावर तीन चौकोन काढूनच आला.

"तीन प्लॅन करायचे. पहिला साधा, नुसता नमुना, एकशे एकोणपन्नास. दुसऱ्यात नमुना आणि कसं शिवायचं ते लिहिलेलं, तीनशे नव्याण्णव. तिसरा एकदम महाग, दोन हजार नऊशे नव्याण्णव."

"तिसऱ्यात काय देणार? कापड?"

"काहीही लिहा. तो कोणी घेत नाही. तो विकायचा नसतोच, दाखवायचा असतो. तीन हजारांचा आकडा बघितला की चारशेचा स्वस्त वाटतो, आणि लोक मधला उचलतात."

"म्हणजे खिडकीतल्या पुतळ्याच्या अंगावरचा कोट."

"अगदी बरोबर."

"तो कोट माझ्या दुकानातनं तीनदा विकला गेला होता," मास्तर म्हणाले. "एकदा तर पुतळ्यासकट."

जावई हसला. थोरामोठ्यांच्या गोष्टीला हसायची त्याला सवय होती. त्याने विचारलं, तिसऱ्यात काय लिहू. मास्तरांनी क्षणभर विचार केला. त्यांच्या दुकानात चाळीस वर्षं एक नियम होता. कपडा अंगावर नीट बसेपर्यंत दुरुस्ती फुकट. दहादा आणा, वीसदा आणा, तोंड वाकडं करायचं नाही. या नियमावर त्यांनी नाव कमावलं होतं.

"लिहा," मास्तर म्हणाले, "कपडा अंगावर नीट बसेपर्यंत मास्तर स्वतः फोनवर. केव्हाही, कितीही वेळा."

"असं मोकळं सोडायचं नसतं. वेळ, मिनिटं, काहीतरी मर्यादा घालू."

"फिटिंगला मर्यादा कसली घालता, जावईबापू?"

जावयाने विचार केला, कोणी घेणार नाहीच. सासऱ्याचं मन कशाला मोडा. लिहून टाकलं, खाली घरचा मोबाइल नंबर दिला. आता, दिवसभर दुसऱ्यांच्या किंमती ठरवणारा माणूस इथे चुकला, ते अभ्यास कमी पडला म्हणून नव्हे. जावईपणा नडला.

पहिला फोन दोन दिवसांनी सकाळी आला. एक दातांचा डॉक्टर. बायकोने म्हटलं होतं, तुम्हाला दाढेपलीकडे काही येत नाही, म्हणून तो ईर्षेने जाकीट शिवायला बसला होता.

"मास्तर, लवकर सांगा, पेशंट तोंड उघडून बसलाय. अस्तर आधी लावायचं की खिसा?"

"खिसा. आणि त्याला तोंड मिटायला सांगा, माणूस अवघडतो."

मास्तर त्याच्याशी पंचवीस मिनिटं बोलले. पेशंटने किती वेळ तोंड मिटून घेतलं ते माहीत नाही, पण मास्तरांचा चेहरा असा खुलला होता की जणू कोणी त्यांना पाण्यात परत सोडलंय. मास्तरीणबाई भाजी निवडत होत्या. त्यांनाही बरं वाटलं. एखाद्या गिऱ्हाइकाने काय होतंय.

आठवड्यात सहा झाली. एक जहाजावरचा आचारी होता. त्याला कोट शिवायचा होता, पण जहाज हलायचं आणि खडूची रेघ वाकडी यायची. मास्तर म्हणाले, जहाज थांबलं की बेता. तो म्हणाला, ते दीड महिन्याने थांबणार. तोवर तो रोज पहाटे फोन करून समुद्र कसा आहे ते सांगायचा. एक रिटायर जज्ज होते. त्यांना शर्टाचा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, का खोल घ्यायचा याचं कारण हवं असायचं, मग त्या कारणाचं कारण. आणि एक आई होती, तिच्या लेकीचा शर्ट कधी संपतच नव्हता, कारण शिवून होईस्तोवर पोरगी दोन बोटं वाढायची. मास्तरांनी लिहून दिलं होतं, अंगावर नीट बसेपर्यंत. पोरगी आठ वर्षांची. म्हणजे अजून दहा वर्षं तरी ती बाई मास्तरांच्या गळ्यात.

घरात आता सकाळपासून बोलणं सुरू. मास्तर आंघोळीला फोन घेऊन जायचे, आतून बाहीचं माप ऐकू यायचं. जेवताना एका हाताने घास आणि दुसऱ्या हाताने हवेत कॉलर काढून दाखवायचे, समोरच्याला दिसत नाही हे विसरून. आणि बायकोशी? बायकोकडे बोटाने खूण. एक बोट म्हणजे पाणी, दोन बोटं म्हणजे चहा. अकरा शब्द होते तेही गेले.

याहून वाईट पुढे झालं. एका दुपारी बाई भांडी लावत होत्या आणि बाहेर मास्तर जज्जसाहेबांना सांगत होते, "अहो, पडायचं काय घेऊन बसलात. मी स्वतः दुकानात शिडीवरनं पडलो होतो. सरळ कटिंगच्या टेबलावर. दोन बरगड्या. सहा महिने कुशीवर झोपायला भ्यायचो. घरी बोललो नाही, म्हटलं उगाच जिवाला घोर."

बाईंच्या हातात ताट होतं, ते हातातच राहिलं. सहा महिने हा माणूस उताणा झोपत होता आणि त्यांना वाटत होतं, घोरायची नवी सवय लागली. हे त्या जज्जाला माहीत झालं, दोन हजार नऊशे नव्याण्णव भरून. आपल्याला चाळीस वर्षांत नाही.

त्यांनी त्याच संध्याकाळी जावयाला फोन लावला. "बंद करा ते तिसरं."

"एकदम बंद केलं तर वाईट दिसतं, आई. आपण किंमत वाढवू. महाग झालं की कोणी घेणार नाही. हा पहिला नियम आहे."

किंमत झाली चार हजार नऊशे नव्याण्णव. त्या आठवड्यात नऊ जणांनी घेतला.

जावयाने डोकं खाजवलं. झालं असं होतं, की डॉक्टरने आणि आचाऱ्याने साइटवर पाच पाच तारे देऊन लिहिलं होतं, मास्तर स्वतः फोन उचलतात. आणि वाढलेली किंमत बघून नवी माणसं म्हणत होती, आठवड्यात एवढा भाव चढला म्हणजे माणूस नक्की मोठा असणार, उशीर केला तर आणखी चढेल. जावयाने आणखी चढवली. आठ हजार नऊशे नव्याण्णव. घेणारे पाच आले, त्यात एक जण मंत्र्यांचे कपडे शिवणारा टेलरच निघाला. त्याला नुसतं ऐकायचं होतं, की आठ हजारांचा मास्तर असतो तरी कसा.

मग जावयाने दुसरा डाव टाकला. मधला प्लॅन स्वस्त केला, एकशे नव्याण्णव, म्हणजे लोक तिकडे वळतील. लोक वळले नाहीत. उलट फोन करून विचारायला लागले.

"मधला एवढा स्वस्त का? त्यात काही खोट आहे का?"

"खोट काही नाही, त्यात मी नाही," मास्तर सांगायचे.

"मग तीच खोट झाली की," गिऱ्हाईक म्हणायचं आणि वरचा घ्यायचं.

पुढच्या सुट्टीला जावई आला तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. एका डोळ्यात आनंद, कारण ऑफिसात कोणाला जमलं नाही ते इथे घडत होतं, आणि दुसऱ्या डोळ्यात सासूबाई.

"बाबा, तिसरा प्लॅन काढून टाकतो."

"नवे नका घेऊ हवं तर. पण जे घेतलेत त्यांचं काय? तेवीस माणसं आहेत."

"पैसे परत करू."

"आणि जाकीट? डॉक्टरचं एका खांद्याला ओढतंय. त्याला तसाच सोडू? जावईबापू, तुम्ही मिक्सर विकता. मिक्सर बिघडला तर दुसरा पाठवता. मी असा अर्ध्यात माणूस सोडलेला नाही." तेवढ्यात फोन वाजला. मास्तरांनी जावयाला बोट दाखवलं, एक. जावई पाणी आणायला उठला.

मास्तरीणबाई दारातून हे बघत होत्या. दोन दिवसांनी लेकीला बाजूला घेऊन त्यांनी फोनवर काय कुठे दाबायचं ते विचारून घेतलं, चष्मा लावून दोनदा वाचलं आणि घरखर्चाच्या खात्यातून एकदा दाबलं. जावयाला लेकीने ताकीद दिली होती, उद्यापर्यंत प्लॅन काढायचा नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला मास्तरांचा फोन वाजला. अनोळखी नंबर, लेकीने आईला नवा घेऊन दिलेला.

"नमस्कार. मास्तर बोलतोय. काय शिवताय?"

"काही नाही."

"काही नाही कसं? कापड घेतलंत का?"

"कापड नको. बोलायचं होतं."

मास्तरांनी फोन कानापासून दूर धरला, बघितला, पुन्हा कानाला लावला. आवाज फोनमधून येत होता आणि जरा उशिराने स्वयंपाकघरातूनही.

"अगं, तू?"

"हो. चोविसावी."

"वेड लागलंय का? किती भरलेस?"

"आठ हजार नऊशे नव्याण्णव. पावती आहे."

"अगं, तो साइटवाला त्यातले शंभराला पंधरा कापतो. घरातले पैसे घरात येताना साडेतेराशे वाटेत गेले."

"गेले तर गेले. रोज दोन बोटं बघून चहा करण्यापेक्षा परवडलं."

"बाहेर ये. समोर बस, काय ते बोल."

"समोर बसून बघितलं. समोर बसलं की तुम्ही खिडकीकडे बघता. फोनवर तुम्ही गिऱ्हाइकाचं ऐकता, हे मी महिनाभर बघतेय."

मास्तर उठून उभे राहिले. मग बसले. "बरं, ठेव आता. डॉक्टरचा फोन यायचाय."

"नाही ठेवणार. केव्हाही, कितीही वेळा, असं लिहिलंय. अंगावर नीट बसेपर्यंत."

"तुझं काय बसायचंय?"

"चाळीस वर्षं झाली, एकदा तरी ट्रायल घेतलीत का?"

दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर त्यांनी म्हटलं असतं, या, बसा, बघतो. सवयीने तोंडात तेच आलं.

"बरं, सांग. कुठे ओढतंय?"

पलीकडे वाहता नळ बंद झाला.

"शिडीवरनं कधी पडलात?"

मास्तरांनी सांगायला सुरुवात केली, आधी अडखळत, गिऱ्हाइकाला सांगतात तशी नाही. शिडी कोणाची होती, वरच्या खिळ्यावर कुठल्या कोटाचा नमुना होता, पडल्यावर पहिली काळजी टेबलावरच्या कापडाची कशी वाटली, ते कापड कोणाचं होतं. मग त्या कापडाच्या मालकाची गोष्ट निघाली. मालकाच्या भावाची निघाली. मध्येच बाई म्हणाल्या, "हा तोच ना, एक पाय आखूड असलेला?" मास्तर म्हणाले, "तुला कसं माहीत?" बाई म्हणाल्या, "त्याची बायको माझ्याकडे लोणी मागायला यायची, मला बऱ्याच गोष्टी माहीत आहेत, कोणी विचारलं तर ना." मग मास्तरांनी विचारलं. मग बाई बोलायला लागल्या आणि मास्तरांना जन्मात पहिल्यांदा गिऱ्हाइकापुढे गप्प बसावं लागलं.

तिकडे डॉक्टरला दहा वेळा फोन एंगेज लागला. शेवटी त्याने पेशंटलाच विचारून खांदा उसवला. जज्जसाहेबांनी साइटवर लेखी तक्रार टाकली. आचारी समुद्रावर होता, त्याला घाई नव्हती. दोन तासांनी फोनची बॅटरी संपली, तेव्हा मास्तर स्वयंपाकघराच्या दारात उभे होते आणि बाई ओट्याला टेकून, दोघांच्याही कानाला फोन, मध्ये चार हात अंतर.

संध्याकाळी जावयाने ठरल्याप्रमाणे वरचा प्लॅन काढून टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला.

"बाबा, आजवर सगळ्यांनी पाच तारे दिलेत. काल एक चारचा आलाय. खाली लिहिलंय, माणूस चांगला आहे, सुरुवातीला वेळ घेतो. कोण आहे हा? समजूत घालायला पाहिजे."

"मी बघतो," मास्तर म्हणाले आणि स्वयंपाकघरात गेले.

"दोन तास बोललो. कोणाशी एवढा बोललो नव्हतो. आणि एक कापलास?"

"कापला नाही, हातचा राखला," बाई कणीक मळता मळता म्हणाल्या. "पाचही दिले असते, तर आज तीनला तुम्ही फोन उचलला असतात का?"

एवढा पक्का भाव करणारं गिऱ्हाईक मास्तरांच्या दुकानात कधी आलं नव्हतं. दुपारी त्यांनी डॉक्टरला सांगितलं, चारनंतर करा. जज्जसाहेबांनाही तेच सांगितलं, आणि कारण दिलं नाही. तीनला दहा कमी असताना त्यांनी चष्मा पुसला, फोन चार्जिंगवरून काढला, आणि खिडकीकडे पाठ करून वाजायची वाट बघत बसले.